कायद्याने २४ तास मुभा, मग बीडमध्ये रात्री अकरानंतर जेवण मिळते कुठे? समजून घ्या

बीड शहरात रात्री अकरानंतर भूक लागली तर कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते : हायवेला जा. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला हे उत्तर पुरते. पण ट्रॅव्हल्समधून उतरलेला विद्यार्थी, दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेले नातेवाईक, पाळी संपवून निघालेली नर्स यांनी काय करायचे? विशेष म्हणजे, जेवणाचे हॉटेल रात्रभर उघडे ठेवायला राज्यात कायद्याची आडकाठी नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये ‘दिवस’ म्हणजे मध्यरात्रीपासून सुरू होणारे २४ तास. आस्थापना आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवता येते. त्यासाठी प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी द्यावी लागते. डिसेंबर २०१७ च्या अधिसूचनेने वेळेची बंधने घातली ती परमिट रूम, बीअर बार, हुक्का पार्लर अशा ठिकाणांवर. वरण-भात, पोळी-भाजी विकणाऱ्या हॉटेलवर नाही.

तरीही पोलीस आणि स्थानिक यंत्रणा साधी हॉटेलेही रात्री बंद करायला लावतात, अशा तक्रारी सरकारकडे गेल्या. त्यावर १ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाने शासन निर्णय काढला. मद्य विकणारी किंवा पुरवणारी ठिकाणे वगळता इतर आस्थापना २४ तास सुरू ठेवता येतील, असे त्यात स्पष्ट केले आहे. रात्री हॉटेल चालवायचा विचार असेल त्याने या निर्णयाची एक प्रत गल्ल्याजवळ ठेवावी. शिट्टी वाजली की वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणे सोपे.

जमावबंदी किंवा संचारबंदी असेल तेव्हा गोष्ट वेगळी. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड आणि माजलगावमध्ये जाळपोळ झाली, त्यानंतर संचारबंदी लागली. अशा वेळी हा शासन निर्णय दाखवून उपयोग नाही.

मग शहरात हॉटेले बंद का?

मुभा म्हणजे सक्ती नव्हे. रात्रपाळीचा आचारी, वेटर, गॅस, वीज हा खर्च दहा-बारा गिऱ्हाइकांवर निघत नाही. धुळे-सोलापूर महामार्गाचा बायपास झाला आणि रात्री शहरातून जाणारी लांब पल्ल्याची वाहने बाहेरून जाऊ लागली. त्यांच्यामागे रात्रीचा धंदाही बाहेर गेला. अहिल्यानगर-बीड रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली खरी, पण पुण्या-मुंबईचा रात्रीचा प्रवास अजूनही एसटी आणि ट्रॅव्हल्सवरच चालतो. शहरात रमजानचा महिना तेवढा अपवाद, तेव्हा सहेरीपर्यंत खाण्याच्या गाड्यांवर गर्दी असते. एरवी बसस्थानक परिसरातला चहा, पोहे, आम्लेट-पाव मिळाला तर मिळाला.

हायवेला नेमके कुठे?

बीडपासून सुमारे २० किलोमीटरवर मांजरसुंबा. धुळे-सोलापूर महामार्गाला इथे पाटोदा आणि केज-अंबाजोगाईचे रस्ते मिळतात, त्यामुळे चारी बाजूंची वाहने थांबतात. गेवराईच्या दिशेने गेलात तर पाडळसिंगी टोलनाक्याचा परिसर, त्यापुढे कल्याण-विशाखापट्टणम मार्ग मिळतो ते गढी. ऊसतोडीच्या हंगामात या रस्त्यांवर रात्रीची वर्दळ आणखी वाढते.

ढाबा निवडताना मोबाइलवरच्या ‘आता उघडे आहे’वर विसंबू नका. ती वेळ बहुतेकदा मालकाने एकदा भरलेली असते, नंतर कोणी पाहत नाही. किती स्टार आहेत यापेक्षा शेवटचा अभिप्राय आणि फोटो कधीचा आहे ते बघा आणि निघण्याआधी फोन करा. तिथे पोचल्यावर ट्रक किती उभे आहेत ते मोजा. रोज याच रस्त्याने जाणारा ड्रायव्हर खराब जेवणासाठी दुसऱ्यांदा थांबत नाही. मध्यरात्रीनंतर पनीरच्या लांबलचक मेन्यूत पडू नये. पिठलं-भाकरी, शेवभाजी, अंडाकरी समोर ताजी बनते. तळण शक्यतो टाळा. पुन:पुन्हा तापवलेल्या तेलात घातक घटक वाढतात, त्यांची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्के ठरवली आहे. ढाब्यावर ती कोण मोजणार? तेल काळे, घट्ट दिसले तर भजी मागवू नका, एवढे आपल्या हातात आहे. परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

रात्री काम करणाऱ्या महिलांबाबतही कायद्यात तरतूद आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था दोन्ही लागतात. कुटुंबासह किंवा एकटीने थांबायचे असेल तर उजेड, स्वच्छ आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, काउंटरवर मालक स्वतः, हे आधी पाहावे. जेवण त्यानंतर.

बारची वेळ किती?

परमिट रूमला पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत रात्री दीडपर्यंत मुभा असते. बीडला आयुक्तालय नाही, जिल्हा पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे. त्यामुळे इथे मर्यादा रात्री साडेअकराची. पुण्याहून सुटीला आलेल्यांचा हमखास गोंधळ होतो तो इथेच. नाताळ आणि थर्टी फर्स्टला शासन पहाटे पाचपर्यंत सवलत देते, पण स्थानिक परिस्थिती पाहून जिल्हाधिकारी ती कमी करू शकतात. बीअरसाठी वय २१, दारूसाठी २५ आणि पिण्याचा परवाना आवश्यक, हे नियम वर्षभर लागू.

साडेअकरानंतर ‘बाटली आणा, ग्लास-बर्फ आमचा’ म्हणणारे ढाबे सापडतात. परवाना नसलेल्या ठिकाणी दारू पिऊ देणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे. तिथे बसून पिणाऱ्यावर कलम ८४ लागते. म्हणजे छापा पडला तर मालकासोबत गिऱ्हाइकाचेही नाव येते. शिवाय घरी परतायला मांजरसुंब्याचा घाट आहे. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.