डावीकडून की उजवीकडून?

‘जिथे इंग्रज, तिथे डावीकडून’ हा समज आपल्याकडे पक्का आहे. तो निम्माच खरा आहे. जपान आणि थायलंडवर इंग्रजांचे राज्य कधीच नव्हते, तरी तिथे गाड्या डावीकडूनच धावतात. उलट अमेरिका इंग्रजांची वसाहत असूनही उजवीकडे गेली.

डावी वाहतूक (रस्त्याच्या डाव्या कडेने वाहन चालवण्याचा नियम) हा मुळात एक संकेत आहे. दादरच्या पुलावर गर्दी कोणत्या बाजूने चढते याला महत्त्व नसते. सगळे एकाच बाजूने चढले की झाले. म्हणूनच बाजू ठरवताना शेजाऱ्याकडे पाहिले जाते. पोर्तुगालने 1928 साली उजवी बाजू धरली, पण गोव्यात डावीच राहिली, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान होता.

स्वीडनचे शेजारी नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून चालणारे. तरी 1955 च्या सार्वमतात (जनतेचा थेट कौल) सुमारे 83 टक्के लोकांनी बदल नाकारला. सरकारने तो केलाच. 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे पाचच्या थोडे आधी रस्त्यावरच्या मोजक्या गाड्या थांबल्या, हळूच पलीकडच्या कडेला गेल्या आणि पाचच्या ठोक्याला पुढे निघाल्या. बसगाड्यांची दारेही बदलावी लागली!

सामोआने 2009 मध्ये उलटा प्रवास केला, तोही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या स्वस्त जुन्या गाड्यांसाठी.

युरोपच्या मुख्य भूमीवर किंवा अमेरिकेत रस्ता ओलांडताना मात्र आधी डावीकडे पाहा. जवळची गाडी तिकडून येते.