ठळक टायपातलं कोल्हापूर

नाटकाच्या किंवा गाण्याच्या हँडबिलाचं आयुष्य एका रात्रीचं. खेळ झाला की त्याची पुडी व्हायची, नाहीतर चुलीत जायचं. तरीही आमच्या शिवाजी पेठेत ती टिकली. कुठं ट्रंकेच्या तळाशी, कुठं फडताळात अंथरलेली, कुठं देवाच्या तसबिरीच्या पाठीला चिकटवलेली. निवृत्ती चौकापासून उभ्या मारुतीपर्यंत कुणाचा वाडा उतरवायला घेतला की रद्दीवाल्याच्या आधी पोचायचं, हा माझा जुना नेम आहे.

ती जमवताना एक गोष्ट ध्यानात आली. हँडबिलावर जे सगळ्यांत मोठ्या टायपात असतं, ते त्या काळाला नवं वाटलेलं असतं. रोजच्या गोष्टीवर कुणी शाई खर्च करत नाही. त्यामुळं ही पत्रकं ओळीनं मांडली की गावानं काय पहिल्यांदा ऐकलं आणि कशाची त्याला सवय होऊन गेली, ते उलगडत जातं. प्रयोगशील संगीताचा इतिहास म्हणतात तो माझ्या लेखी हाच.

सुरुवात पॅलेस थिएटरपासून करू. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून उभारलेलं हे नाट्यगृह 1915 मध्ये सुरू झालं. त्या काळी नवं म्हणजे चाली. सांगवड्यात जन्मलेल्या गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या ‘मानापमान’साठी पूरबी ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली मराठी रंगभूमीवर आणल्या. आज आपण त्यांना परंपरा म्हणतो, पण तेव्हाच्या कानांना तो मोठा धक्का होता. कोल्हापूरच्याच केशवराव भोसल्यांनी 1908 मध्ये ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ते आणि बालगंधर्व ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, जेमतेम एकतिसाव्या वर्षी, केशवराव गेले. त्या संयुक्त प्रयोगाचं अस्सल पत्रक एकदा हातात धरावं, ही माझी मोठी आस आहे.

याच नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर पुढं सिनेमाकडं वळले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आली. आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत, कथा आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिकाही काढत. त्यांच्या 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे भारतातलं सर्वांत जुनं शिल्लक चित्रपट-पोस्टर मानलं जातं. मूकपट मुका कधीच नव्हता. पडद्याशेजारी पेटी-तबला घेऊन माणसं बसत. 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ इथंच, कोल्हापुरात, तयार झाला. त्यात टेंबे हरिश्चंद्र होते आणि संगीतही त्यांचंच. आता मोठा टाइप ‘बोलपट’ या शब्दाला मिळाला. पडद्याशेजारची पेटी-तबल्याची जोडी मात्र पत्रकावर आली नाही, आणि त्या वादकांची नावं आज सांगता येत नाहीत.

बैठकीच्या गाण्याची गोष्ट वेगळी. देवल क्लब 1883 पासूनचा; तिथं ऐकणारे एकमेकांना ओळखत, त्यांना ओरडून बोलवायची गरज नसे. उस्ताद अल्लादिया खाँ 1895 च्या सुमारास करवीर दरबारी आले आणि शाहू महाराज 1922 मध्ये जाईपर्यंत इथं राहिले. त्यांच्या गळ्याचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. केसरबाई, मोगूबाई या त्यांच्या शिष्यांच्या गाण्यातून तो गळा कल्पावा लागतो. अशा वेळी कुणाच्या घरात बैठकीचं साधं निमंत्रण सापडलं, त्यावर वार, जागा आणि साथीदाराचं नाव असलं, तर ते माझ्या दृष्टीनं शिलालेखाच्या तोलाचं आहे.

अडचण एकच: हँडबिलावर साल नसतं. ‘शनिवार ता. 12, रात्रौ 9 वाजता’ एवढ्यावर भागायचं. मग खुणा शोधाव्या लागतात. महिना दिलेला असेल तर वार-तारखेची तीच जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी फिरून येते, म्हणजे उमेदवार सालं मोजकीच उरतात. दर आण्यांत असतील तर पत्रक बहुधा एप्रिल 1957 च्या आधीचं. संस्थानचा उल्लेख असेल तर 1 मार्च 1949 च्या विलीनीकरणाच्या अलीकडं सहसा यायचं नाही. अनुच्चारित अनुस्वारांची गर्दी असली तर 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या पूर्वीचा कंपोझिटर. तळाशी छापखान्याचं नाव मिळालं की निम्मं काम झालं.

दूर युरोपातही हेच वेड आहे. ऑक्टोबर 1976 मध्ये लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत थ्रॉबिंग ग्रिसल या गटानं कार्यक्रम केला आणि ‘इंडस्ट्रियल’ संगीत हे नाव रुजलं. 1980 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन ही मंडळी पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन घेऊन मंचावर आली. रेडिओवर त्यांना जवळजवळ थारा नव्हता. कात्रणं चिकटवून झेरॉक्स केलेली काळी-पांढरी पत्रकं भिंतींवर लागत, आज संग्राहक ती जिवापाड जपतात. मला त्यांचा हेवा वाटतो. ज्या गावात उद्यमनगरात लोखंड ओतलं जातं, शेकून चढवलेल्या हलगीच्या कडकडाटावर लेझीम रंगतं, त्या गावाला हा गोंगाट परका वाटायचं कारण नाही. आपल्याकडं हलगी-घुमक्यानं तो केला. त्याचं पत्रक कुणी छापलं नाही, एवढाच फरक.

पुढचा काळ भराभर सरकतो. ‘ध्वनिक्षेपकाची सोय’ ही ओळ आधी ठळक येते, मग बारीक होते, मग नाहीशी. मेळे आटतात, ऑर्केस्ट्रा येतात. इलेक्ट्रिक गिटार मिरवते, नंतर सिंथेसायझर, बेंजो, शेवटी डॉल्बी. पातळ गुलाबी कागदाच्या जागी ऑफसेटचा गुळगुळीत कागद येतो, त्यानंतर फ्लेक्स. फ्लेक्स जपता येत नाही. कार्यक्रम झाला की तो कुणाच्या तरी छपरावर ताडपत्री म्हणून जातो.

1957 पासून केशवरावांच्या नावानं ओळखलं जाणारं ते पॅलेस थिएटर 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. पेठेतली माणसं रस्त्यावर येऊन रडली आणि त्यात काहीच अतिशयोक्ती नाही. वास्तू पुन्हा उभी करता येते, तसं कामही सुरू झालं. पण तिथं काय काय वाजलं, कुणी साथ केली, पुढच्या रांगेचा दर काय होता, हे भिंतींवर कधीच लिहिलेलं नव्हतं. ते त्या एका रात्रीच्या कागदांवर होतं आणि ते कागद लोकांच्या घरांत आहेत.

म्हणून आता मी पेठेत सरळ मागणी करतो. मूळ कागद द्या असं म्हणत नाही. पुढून-मागून फोटो काढू द्या. मेळ्यांची आणि ऑर्केस्ट्राची पत्रकं सगळ्यांत कमी सापडतात, कारण ती जपण्यासारखी कुणाला वाटलीच नाहीत. ज्यांनी त्यांत ढोलकी, ॲकॉर्डियन वाजवलं, त्यांच्यातली काही मंडळी अजून आहेत आणि कागद समोर ठेवला की त्यांना साल आठवतं. कार्यक्रमांच्या पत्रिका आता मोबाइलवर येतात. त्याही मी छापून घेतो आणि पाठीवर शिसपेन्सिलीनं सन टाकतो, कारण वार, वेळ, चौक सगळं असलं तरी सन छापायचं आपण अजून शिकलेलो नाही.