स्वस्त सहलीचा हिशेब : विजापुरांतील दोन दिवस

थोडक्या पैशांत सहकुटुंब सहल कशी करावी, असा प्रश्न परिचित मंडळी आम्हांस पुष्कळदां विचारतात. थंड हवेच्या ठिकाणीं जावें, तर तेथील खोल्यांचीं भाडीं ऐकूनच घाम फुटतो. यात्रेस जावें, तर मुलें कंटाळतात. आणि घरीं बसावें, तर सुटी फुकट गेल्याची चुटपुट लागते. आमच्या मतें यावर उपाय सोपा आहे. तीन-चार तासांत रेल्वेनें गांठतां येईल आणि जेथें अन्यत्र न आढळणारें असें कांहीं पाहावयास मिळेल, असें एखादें जुनें शहर निवडावें व शनिवार-रविवार तेथें घालवावा. गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं असा प्रयोग केला. तो साधला, पण ज्या हिशेबाचा आम्हांस अभिमान होता, तोच चुकीचा ठरला. ती चूकहि वाचकांपुढें ठेवणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

आमची निवड विजापूरवर पडली. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरांत या शहराचें नांव विजयपुर असें झालें आहे; पण मराठी माणसाच्या तोंडीं विजापूरच बसलेलें. शहाजीराजांनीं ज्या दरबाराची चाकरी केली, १६५९ सालीं जेथून अफझलखान निघाला, आणि १६८६ त औरंगजेबानें ज्याचें राज्य बुडविलें, तें हें आदिलशाहीचें शहर. परंतु इतिहास बाजूस ठेवला तरी हें शहर मोठें तऱ्हेवाईक आहे. येथें एक घुमट बोलतो; एक बुरूज तटाला सोडून एकटाच उभा राहतो; एका राजाची कबर कमानींवरच येऊन थांबली आहे; आणि एका तोफेला राजासारखी पदवी आहे.

आम्ही सोलापूरकर. तेथून होटगीवरून विजापूर सुमारें शंभर किलोमीटर. आम्ही उभयतां, दोघे मुलगे, दोघी सुना व तीन नातवंडें, अशीं नऊ माणसें निघालों. खर्चासाठीं आम्हीं चार नियम आंखले होते : रेल्वेचा साधा डबा, साध्या दोन खोल्या, शक्य तितकें पायीं हिंडणें, आणि जेवण हातचें. या चौथ्या नियमावर आमची विशेष भिस्त होती. पीठ, तांदूळ, डाळ, मसाल्याचे डबे व विजेची शेगडी अशी सर्व सिद्धता झाली. धाकट्या सूनबाई बँकेंत नोकरीस असल्यामुळें हिशेबाची वही त्यांच्या स्वाधीन केली.

शनिवारीं दुपारच्या आंत आम्ही विजापुरास उतरलों. स्टेशनाबाहेर पडतांच गोल घुमट समोर दिसतो, त्यामुळें नातवंडांस धीर धरवेना. खोल्यांवर सामान टाकलें, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “तुम्ही मुलांना घेऊन व्हा पुढें. आम्ही स्वयंपाकाचें बघतों. भांडीं आवरून जमलें तर येऊं.” आम्हांस हें इतकें स्वाभाविक वाटलें कीं, मागें वळून पाहण्याचेंहि सुचलें नाहीं.

गोल घुमट ही मुहंमद आदिलशहाची कबर. हा शहा १६२७ पासून १६५६ पर्यंत राज्यावर होता. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारें ४४ मीटर व आंतील सुमारें ३८ मीटर असून एवढ्या विस्तारांत मध्यें एकहि खांब नाहीं. हें साधलें कसें, तें आम्हीं मुलांस जमिनीवर काडीनें काढून दाखविलें. एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरपा ठेवला असतां आठ कोनांची चांदणी तयार होते. त्याप्रमाणें येथें आठ कमानी एकमेकींस छेदून आंतल्या बाजूस झुकतात, खालच्या चौरस दालनाचें वर वर्तुळ करतात आणि त्या वर्तुळावर घुमट बसतो. चारी कोपऱ्यांस सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे आहेत. त्यांतील अरुंद जिन्यानें वर गेलें म्हणजे सुमारें ३३ मीटर उंचीवर घुमटाच्या आंतून फिरणारा सज्जा लागतो. भिंतीशीं तोंड नेऊन पुटपुटलेला शब्द भिंतीचें वळण धरून सरकत जातो आणि समोरच्या बाजूस भिंतीशीं कान लावलेल्या माणसास स्पष्ट ऐकूं येतो. मोठ्यानें उच्चारलेला शब्द तर पुनःपुन्हां परत येतो.

दुपारच्या वेळीं मात्र तेथें आरडाओरडीखेरीज कांहीं ऐकूं येत नाहीं. तरीहि आमच्या सात वर्षांच्या नातवानें भिंतीस तोंड लावून “आई” अशी हांक घातली. ती हांक चारदां-पांचदां फिरून आली. तेव्हां तो आम्हांस म्हणाला, “आजोबा, आईला ऐकूं गेलं असेल का?”

आम्हीं ध्वनीचे नियम मुलांस अनेक वर्षें शिकविले आहेत. पण या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं.

संध्याकाळीं परतलों, तों गरम पोळ्या, आमटी, भात तयार. तिघीजणींचें ‘जमलें तर’ अर्थातच जमलें नव्हतें. जेवणें झाल्यावर धाकट्या सूनबाईंनीं वही वाचून दाखविली. अंदाजापेक्षां खर्च बराच कमी झाला होता. आम्हीं संतोषानें मान डोलविली. मोरीपाशीं कढई घांसतां घांसतां सौभाग्यवतींनीं विचारलें, “कसा आहे हो गोल घुमट?”

आम्ही शिक्षकच, व्यासापासून आरंभ करून कमानींपर्यंत सर्व सांगितलें. त्यांनीं हातचें काम न थांबवितां सगळें ऐकून घेतलें आणि शेवटीं म्हणाल्या, “छान. वेरूळहि मीं असंच पाहिलं, तुमच्या तोंडून. तुम्ही लेणीं बघत होतां, तेव्हां मी खालीं स्टो पेटवीत होतें.”

त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. असती तर आम्हांस उत्तर देणें सोपें गेलें असतें. वेरूळच्या त्या सहलीस तीस वर्षें झालीं. तिचा खर्च किती थोडा आला, हें आम्हीं शाळेंत अनेकांस फुशारकीनें सांगितलें होतें. तो थोडा कां आला, हें आम्हांस विजापुरांत समजलें. ज्या माणसाची सुटी आम्ही खर्चीं घालीत होतों, तिची नोंद वहींत कधींच झाली नव्हती.

आम्हीं सूनबाईंस विचारलें, “उद्यां सर्वांनीं बाहेर जेवायचें म्हटलें, तर कितीसा खर्च येईल?” त्यांनीं वहीचें मागील पान उलटून आमच्यापुढें धरलें आणि म्हणाल्या, “मामंजी, मीं कालच मांडून ठेवला आहे.” थोरल्या सूनबाई तोंडाला पदर लावून हंसल्या.

रविवारीं उजाडतां उजाडतां आम्ही नऊहि जण गोल घुमटाशीं होतों. वाचकांस आमची आग्रहाची सूचना अशी कीं, येथें पहांटेच यावें. त्या वेळीं गर्दी नसते व सज्जाचा खरा गुण कळतो. जिना उंच पायऱ्यांचा आहे. सौभाग्यवती प्रत्येक मजल्यावर टेंकत, पण कोणाचा हात न घेतां चढल्या. वर जाऊन त्या समोरच्या बाजूस भिंतीशीं बसल्या. इकडे आम्हीं भिंतीस कान लावला. क्षणभरानें अगदीं शेजारीं बसून बोलावें तसा त्यांचा आवाज आला, “ऐकूं येतं का हो?”

आम्ही म्हणालों, “येतं.”

तेथून आम्ही शहराच्या पश्चिमेस इब्राहीम रोझ्यास गेलों. मनोऱ्यांची नाजूक बांधणी, दगडांत कोरलेल्या अक्षरांच्या जाळ्या, हें सर्व पाहून गोल घुमटाच्या प्रचंडपणानें दडपलेलें मन हलकें होतें. दुसरा इब्राहीम आदिलशहा (१५८० ते १६२७) हा रसिक राजा. त्याच्या ‘किताब-इ-नौरस’ या दखनी भाषेंतील गीतग्रंथांत सरस्वतीचें व गणपतीचें स्तवन आहे, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. ही वास्तु आरंभिली गेली राणी ताज सुलताना हिच्यासाठीं. परंतु राजा आधीं वारला, येथेंच विसावला, आणि वास्तूस नांव त्याचें पडलें. हें सांगतांना दोघी सुनांनीं एकमेकींकडे पाहिलें, तें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. राणीच्या नांवानें शहरांत ताज बावडी नांवाची भव्य विहीर मात्र आहे.

मग मलिक-इ-मैदान. ‘रणभूमीचा स्वामी’ असा या नांवाचा अर्थ. ही पंचरशी तोफ १५४९ त अहमदनगरास ओतली गेली. तालिकोटच्या १५६५ च्या युद्धांत ती वाजली, असें सांगतात. पुढें १६३२ त मुरारपंतानें ती परिंड्याहून येथें आणली. लांबी सव्वाचार मीटर, वजन सुमारें ५५ टन; आणि तोंड असें घडविलें आहे कीं, एक सिंहमुख हत्तीस गिळीत आहे. उन्हांतहि हिचा स्पर्श थंड लागतो, म्हणून मुलें हात लावून पाहतात. १८५४ त या तोफेचा लिलांव पुकारला, तेव्हां बोली दीडशें रुपयांवर थांबली. सुदैवानें तो व्यवहार रद्द झाला. मोलाच्या वस्तूची किंमत वहींत किती खालीं लागूं शकते, याचें हें उदाहरण आम्हांस त्या दिवशीं अधिकच लागलें.

जवळच १५८३ तील उपळी बुरूज आहे. सुमारें २४ मीटर उंचीच्या या बुरुजास बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्या आहेत. तेथून सर्व शहर एका दृष्टींत येतें. बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर. छपराऐवजीं वर आकाश आणि भोंवतीं नुसत्या कमानींच्या रांगा. नातवंडांस पूर्ण इमारतींपेक्षां ही अपुरीच अधिक आवडली, कारण तींत धांवतां येतें.

दुपारीं एका साध्या खाणावळींत जेवलों. हा ज्वारीचा मुलूख. पापडासारखी पातळ भाकरी, भरलेलीं वांगीं, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी व दहीं असें निर्मळ शाकाहारी जेवण मिळालें. परान्नाविषयींचा आमचा जुना कटाक्ष त्या चटणीपुढें टिकला नाहीं. सौभाग्यवतींच्या पानांत वाढप्यानें गरम भाकरी टाकली, तेव्हां त्या संवयीनें उठूं लागल्या. पुन्हां बसल्या आणि निवांत जेवल्या.

आतां हिशेब. नऊ माणसांच्या त्या जेवणास साडेअकराशें रुपये पडले. चहा-फराळ धरून रविवारचा खर्च शनिवारच्या दीडपटीच्या आंत राहिला. ही वाढ भरून काढण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाहीं. उपळी बुरूज, बारा कमान यांस पैसा पडत नाहीं. कार्तिक ते माघ या काळांत गेल्यास ऊन बाधत नाहीं. बाजारांतून नको त्या वस्तु आणण्याचें टाळलें, तरी एका जेवणाचे पैसे सहज सुटतात. काटकसर अवश्य करावी. पण सहलीस निघतांना तिकिटांच्या आधीं एक प्रश्न घरांत विचारावा : तेथें स्वयंपाक कोणी करावयाचा? त्याचें उत्तर ‘घरच्या बायका’ असें असेल, तर ती सहल स्वस्त नव्हे. तिची किंमत दुसऱ्या कोणीतरी चुकविलेली असते, इतकेंच.

संध्याकाळच्या गाडींत नातू आईच्या मांडीवर झोंपला. सौभाग्यवती खिडकींतून अंधारांत नाहींसा होणारा घुमट पाहत होत्या. पुढील सहल कोठें, हें आजवर आम्हीच ठरवीत आलों. या खेपेस तें त्यांनीं ठरविलें आहे. आम्हीं जाणार तें वेरुळास.