तंबाखू खातात, मिश्री लावतात

तव्यावर तंबाखू भाजायला टाकली की सगळ्या घराला ठसका लागतो. पार काळी झाली की उतरवून कुस्करायची आणि डबीत भरायची. पहाटे चिमूटभर तळहातावर घ्यायची, बोटाने दातांवर, हिरड्यांवर फिरवायची आणि ओट्यावर निवांत बसायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी आज्या, सासवा, सुनांचा दिवस असाच उजाडतो. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही,’ असं त्या सांगतात, आणि ते खोटं नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं. पण मिश्री चुकली की येणारी बेचैनी हीसुद्धा त्याच निकोटिनची मागणी असते.

हिरडीची आणि गालाची आतली कातडी नाजूक असते. निकोटिन तिथूनच थेट रक्तात जातं. त्याच्या जोडीला नायट्रोसामाइन्स असतात, पानं वाळवताना, मुरवताना तयार होणारी कर्करोगकारक रसायनं. भाजल्याने ती निघून जातात हा गैरसमज आहे. उलट करपलेल्या पानात धुरातल्यासारखे आणखी काही घातक घटक तयार होतात.

मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. अशा तंबाखूत मुंबईत मुख्यतः मिश्रीच होती. मुळातच अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला १०५ ग्रॅम फार महाग पडतात.

कायदे आहेत. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. २०१२ मध्ये राज्याने गुटखा बंद केला. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या इशाऱ्याने व्यापावा लागतो आणि व्यसन सोडवण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांकही त्यावर छापलेला असतो. पण हे सगळं कारखान्याला आणि दुकानाला लागू. घरच्या तव्यापाशी कायदा पोचत नाही, आणि मिश्रीच्या डबीवर ना चित्र असतं ना क्रमांक.

म्हणून मला तपासणीतला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण ती तंबाखू खात नाहीच. गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीतच, आवाजात जराही दटावणी न आणता, तिला विचारायला हवं: ‘ताई, मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?’