लहान मुलांची लिव्हर बायोप्सी: कोणती पद्धत, कोणत्या मुलाला?

बायोप्सी म्हटलं की आईवडिलांच्या मनात आधी कॅन्सरच येतो. मुलांच्या यकृताचा तुकडा मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच प्रश्नासाठी काढतात: न हटणारी कावीळ, बंद पित्तनलिका, तांबं साठवणारा विल्सनचा आजार. अशा तुकड्यांतून काय कळतं याचा महाराष्ट्रातला एक दाखला फार मोलाचा आहे. एका जातीच्या बालसिरोसिसमध्ये यकृताच्या तुकड्यांत भरमसाट तांबं सापडत होतं. ते पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या दुधातून येत असावं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

‘सुईने केलेली बायोप्सी अर्धवट, पोट उघडून केलेली पक्की’ असं अनेकांना वाटतं. पण बहुतेक मुलांना सोनोग्राफीत बघत बरगड्यांमधून किंवा बरगड्यांखालून घातलेली सुईच पुरते. सुईला मिळतो यकृताचा अगदी छोटासा भाग. त्यामुळे यकृत कमी होण्याची भीती नको. प्रश्न तुकडा पुरेसा लांब आहे का, हा असतो. शस्त्रक्रियेत कडेचा पाचरीसारखा तुकडा मिळतो. तो मोठा असतो खरा, पण यकृताच्या आवरणालगत तंतुमय भाग मुळातच जास्त असल्याने आजार आहे त्याहून वाढलेला भासू शकतो. दुसऱ्या कारणाने पोट उघडायचंच असेल, किंवा दुर्बिणीतून विशिष्ट जागेचा तुकडा हवा असेल, तेव्हा हा मार्ग योग्य ठरतो.

‘मानेतून करतात म्हणजे आजार हाताबाहेर गेला’ हा समजही चुकीचा आहे. रक्त नीट गोठत नसेल, प्लेटलेट फार कमी असतील, पोटात पाणी भरलं असेल, तर बाहेरून सुई घातल्यावर रक्तस्राव पोटात होण्याचा धोका वाढतो. अशा वेळी मानेतल्या शिरेतून नळी यकृताच्या शिरेपर्यंत नेतात आणि आतूनच तुकडा घेतात. रक्त आलंच तर ते परत शिरेतच जातं. त्याच वेळी यकृतातल्या शिरांचा दाबही मोजता येतो. पण ही पद्धत सर्वांनाच चांगली, असंही नाही. तुकडे लहान आणि तुटके मिळतात, एक्स-रेचा किरणोत्सर्ग होतो, आणि तान्ह्या बाळाचं यकृत इतकं छोटं असतं की सुई आतून आवरण भेदून बाहेर जाऊ शकते. यासाठी अनुभवी हातच हवेत. अशा मुलांसाठी आणखी एक उपाय म्हणजे बाहेरूनच सुई घालून, ती काढताना रक्त थांबावं म्हणून तिच्या वाटेत जिलेटिनचा बोळा बसवणं.

म्हणून ‘सगळ्यात सुरक्षित पद्धत कोणती’ असं न विचारता ‘माझ्या मुलाच्या रक्ताचे अहवाल पाहता कोणती’ असं डॉक्टरांना विचारा. मात्र अहवाल चांगले आले की रक्तस्राव होणारच नाही, असं कोणीही सांगू शकत नाही. गंभीर रक्तस्राव क्वचित होतो, पण होतो.

भूल देण्याबद्दलही धास्ती असते. मोठा माणूस सांगितल्यावर श्वास रोखून धरतो, दोन वर्षांचं मूल नाही. सुई आत असताना मूल हललं तर यकृताला चीर जाऊ शकते, म्हणून गुंगीचं औषध किंवा पूर्ण भूल देतात. ती टाळण्याचा आग्रह धरू नका. ताप-दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन दिलं असेल तर रक्तस्रावाच्या दृष्टीने ते आधीच सांगा. विल्सनची शंका असेल तर तांबं मोजायला वेगळा, तांब्याचा अंश नसलेल्या बाटलीत ठेवलेला तुकडा लागतो. त्याची सोय झाली आहे ना, हे विचारून घ्या.

बायोप्सीनंतर उजवा खांदा दुखला तर मूल नाटक करतंय असं समजू नका. यकृताजवळच्या श्वासपटलाला त्रास झाला की वेदना खांद्यात जाणवते, आणि ती साधारणपणे ओसरते. वेदना वाढत गेली, पोट फुगलं, चेहरा पांढरा पडला, मूल घामेजलं किंवा नाडी जलद झाली तर एक क्षणही न थांबता नर्सला बोलवा. बहुतेक रक्तस्राव पहिल्या काही तासांतच लक्षात येतात. त्यामुळे मूल हसत-खेळत असलं तरी, डॉक्टरांनी सांगितलेला वेळ पुरा होईपर्यंत त्याला अंथरुणातून उठवू नका.