प्रौढशिक्षण व गांवचा कारभार

प्रौढशिक्षण हा शब्द कानीं पडला म्हणजे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढें बहुधा एकच चित्र उभें राहतें: रात्रीची वेळ, शाळेची पडवी, एक दिवा, आणि पाटीवर अक्षरें गिरवीत बसलेले चार-सहा शेतकरी. हें चित्र खोटें नाहीं. पण अपुरें आहे. मोठ्या माणसानें अक्षर कशासाठीं शिकावें, हा प्रश्न त्यांत कोठेंच दिसत नाहीं, आणि माझ्या मतें सारें यशापयश त्याच प्रश्नापाशीं अडलेलें असतें.

या बाबतींत सातारा जिल्ह्याचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १९५९ सालीं तेथें ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढें ती महाराष्ट्रांतील इतर जिल्ह्यांत पसरली. एकट्या-दुकट्यानें नव्हे, तर सबंध गांवानें साक्षर व्हावयाचें, असा तिचा बेत होता. सुमारें चार महिन्यांत लेखन, वाचन व हिशेब यांची तोंडओळख करून द्यावयाची आणि गांव साक्षर झालें कीं ग्रामगौरव समारंभ करावयाचा. गांवाची अब्रू पणाला लागल्यामुळें एरवीं वर्गाकडे न फिरकणारीं माणसेंही पाटी घेऊन बसलीं. उणीव दिसली ती मागाहून. वाचावयास कांहीं नसलें म्हणजे चार महिन्यांचें अक्षर टिकत नाहीं; कित्येक नवसाक्षर पुन्हां अंगठ्यावर आले.

आमच्या जत तालुक्याची अडचण आणखी निराळी आहे. डफळे घराण्याचें हें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि आज तें सांगली जिल्ह्यांत मोडतें. पूर्वेस उमदी, संख या बाजूला घराघरांत कानडी चालते. गुड्डापूरच्या दानम्मादेवीच्या यात्रेंत तर एक भाषा कोठें संपते व दुसरी कोठें सुरू होते हें सांगतां येत नाहीं. याच बाजूच्या एका खेड्यांत मीं मराठी अंकलिपी हातीं घेऊन रात्रीचा वर्ग चालविला होता. पंधरवड्यांत वर्ग अर्धा झाला. दोष त्यांचा नव्हता, माझाच होता. ज्या शब्दाचा अर्थ ठाऊक नाहीं, तो अक्षरें जुळवून वाचला तरी वाचणाऱ्याच्या हातीं काय लागणार? शेवटीं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें पिशवींतून आपला सातबारा काढला, माझ्यापुढें ठेवला आणि मोडक्या मराठींत म्हणाला, "गुरुजी, हें शिकवा."

आतां पेंच पाहा. भाषा त्याची कानडी. पण जमिनीचा उतारा, ग्रामसभेची नोटीस, सोसायटीचें खातें हें सारें मराठींत. सुदैवानें दोन्ही लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाची आहे. क-ख-ग-घ तेंच, स्वर जोडण्याची रीत तीच, आकार तेवढे वेगळे. कानडींत वाचावयास शिकलेला माणूस देवनागरी थोड्या श्रमांत उचलतो. आरंभच अनोळखी भाषेंत केला तर दोन्ही हातच्या जातात. म्हणून आधीं घरची भाषा व लागलीच पाठोपाठ कारभाराची, असें माझें मत बनलें आहे. मुलांसाठीं या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा आहेत. २०२२ पासून पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठीं जी 'उल्लास' योजना चालली आहे, तिच्या स्वयंसेवकांनीं हें ध्यानांत ठेवलें तर बरें.

अक्षरावांचूनही प्रौढशिक्षण होतें, आणि कधीं कधीं तें अधिक खोल रुजतें. २०१६ सालीं पाणी फाउंडेशन या संस्थेनें वॉटर कप स्पर्धा सुरू केली. २०१८ च्या स्पर्धेंत जत तालुक्यांतील गांवेंही होतीं. गांवानें आपलीं कांहीं माणसें आधीं शिकावयास धाडावयाचीं, मग उन्हाळ्यांत पंचेचाळीस दिवस श्रमदान. तेथें शिकवीत काय? दोन सारख्या काठ्या शेंड्याशीं बांधून मध्यें आडवी काठी ठोकावयाची आणि शेंड्यावरून दोरीला दगड बांधून सोडावयाचा. चौकटीचे दोन्ही पाय एका पातळींत आले कीं दोरी आडव्या काठीवरील मध्यखुणेवर ठरते. असे पाय टाकीत व खुणा करीत गेलें म्हणजे उतारावर समपातळीची रेषा उमटते. त्या रेषेवर चर खणला तर पाणी धांवत नाहीं, मुरतें. ज्याला सही येत नाहीं अशा माणसालाही हें साधतें.

मग हिशेब. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हजार हेक्टरांच्या गांवांत पांचशें मिलिमीटर पडला, तर पांचशें कोटी लिटर! दुष्काळी म्हणविणाऱ्या गांवास हा आंकडा प्रथम थट्टाच वाटतो. त्यांतील पुष्कळसें वाफ होऊन जातें, कांहीं ओढ्यानें जातें. पण किती जातें, किती अडवितां येईल, आणि उरलेल्या पाण्यांत ऊंस लावावा कीं ज्वारी, हे प्रश्न आंकडा कळल्यावरच सुचतात. ते सोडविण्याची जागा ग्रामसभा.

त्या सभेंत काय चालतें, हें म्हणूनच महत्त्वाचें. पाणी मिळत नाहीं या कारणावरून २०१२ सालीं याच तालुक्यांतील कित्येक गांवांनीं कर्नाटकांत जाण्याचे ठराव केले, व २०२२ सालीं तो विषय पुन्हां पेटला, हें आपण वर्तमानपत्रांत वाचलें असेल. ते योग्य कीं अयोग्य, यांत मी शिरत नाहीं. पण कोणताही ठराव घ्या; त्याखालीं सही अगर अंगठा करणारांपैकीं किती जणांना तो वाचून दाखविलेला असतो, आणि कोणत्या भाषेंत? ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची निराळी सभा घ्यावी असा कायदा आहे. घागर वाहणाऱ्या बाईला पाण्याचा हिशेब पुरुषांहून लौकर कळतो, असा माझा अनुभव आहे. तिच्या सभेचें टिपण तिला वाचतां येत नाहीं, इतकेंच.

त्या म्हाताऱ्याचा सातबारा आम्हीं तीन रात्रींत वाचला. जमीन त्याच्याच नांवावर होती. परंतु इतर हक्कांच्या रकान्यांत एका कर्जाचा बोजा अजून तसाच होता, आणि तें कर्ज त्यानें कित्येक वर्षांपूर्वीं फेडलेलें होतें. घरीं एका डब्यांत त्याची पावतीही निघाली. चौथ्या दिवशीं सकाळीं ती पावती व उतारा घेऊन तो तलाठ्याकडे गेला. त्या रात्रीं वर्गाला नेहमीपेक्षां सहा माणसें जास्त होतीं, आणि प्रत्येकाच्या हातांत कागद होता.