रुमालाखालची खरेदी

सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे निघतात तेव्हा ढिगापाशी जमलेला प्रत्येक खरेदीदार आपला भाव चारचौघांच्या कानावर घालतो, आणि ज्याचा भाव चढा त्याच्या नावे माल सुटतो. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी चाल शेतकऱ्याच्या नुकसानीची म्हणून निंद्य ठरली, हे व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको. जो न्याय हळदीच्या ढिगास, तो करदात्यांच्या पैशास नको काय? रस्त्यावरील दिव्यांचे खांब यांसारखा साधा माल नगरसंस्थेने निविदा न मागविता एकाच विक्रेत्याकडून घ्यावा, आणि 'असा खांब दुसरा कोणी करीतच नाही' एवढ्या एका वाक्यावर त्याचे समर्थन व्हावे, ही रुमालाखालचीच खरेदी होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा याविषयी संदिग्ध नाही. मेरठच्या नगर निगमाने चालविलेल्या कत्तलखान्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की, सार्वजनिक संस्थेने मक्ता द्यावयाचा तो जाहीर लिलावाने वा निविदेने, अपवाद विरळाच. नैसर्गिक आपत्ती किंवा सरकारने जाहीर केलेली आणीबाणी. माल एकाच ठिकाणी मिळत असणे, किंवा विक्रेत्याकडे त्याचा अनन्य हक्क असून दुसरा योग्य पर्याय नसणे. वारंवार पुकारा करूनही बोली न येणे वा फारच कमी येणे, अशी अपवादांची उदाहरणे न्यायालयाने दिली.

आता दिव्याचा खांब यांपैकी कोठे बसतो ते पाहू. खांब म्हणजे ठरावीक उंचीचे, ठरावीक जाडीचे, गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद. पोलादी नळीच्या खांबांसाठी २७१३ क्रमांकाचे भारतीय मानक छापून प्रसिद्ध आहे. ज्या वस्तूचे मानक कोणीही विकत घेऊन वाचू शकतो, ती वस्तू एकट्याची कशी? आजच्या सांगली जिल्ह्यात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला. त्या मुलखात लोखंडाचा खांब करणारा एकच, हे कोणास पटावे? खरी मेख निराळीच असते. माल एकाचा नसतो, मालाचे वर्णन एकाचे असते. खांबाच्या टोकास अमुकच घडण, अमुकच नक्षी असे एक कलम तपशिलात घुसडले की बाकीचे कारखानदार आपोआप बाद होतात. नक्षीने रस्त्यावर उजेड पडत नाही; खिशास भोक मात्र पडते.

दुसरी पळवाट निकडीची. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) अन्वये सांगलीच्या आयुक्तांस आणि १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ५८(२) अन्वये साताऱ्याच्या नगराध्यक्षांस तातडीच्या प्रसंगी विलंब न लावता काम करविण्याचा अधिकार आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढले, तेव्हा अशा अधिकाराची आवश्यकता कोणीही नाकारली नसती. परंतु रस्त्यावरचा अंधार काही पुरासारखा एका रात्रीत येत नाही. वर्षभर ज्याची दखल घेतली नाही, तो मार्चअखेर एकाएकी संकट कसा होतो?

साताऱ्यात नगरपालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि सांगलीत महापालिकेची २०२३ साली संपल्यावर पुढील निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासकांकडे राहिला. अशा काळात प्रस्ताव मांडणारा, त्यास मंजुरी देणारा आणि त्यावर शंका घेणारा असे तिघे एकाच खुर्चीत सामावतात. सभागृह नसते तेव्हा निविदेची जाहिरात हाच नागरिकांचा एकमेव पहारा असतो.

यावर असे म्हटले जाते की, निविदेने वेळ जातो आणि सर्वांत कमी भावाचा माल निकृष्ट निघतो. निकृष्ट माल येतो तो तपशील ढिला असल्यामुळे आणि तपासणी नावापुरती केल्यामुळे, स्पर्धेमुळे नव्हे. केंद्र सरकारच्या वीजकंपन्यांनी मिळून काढलेल्या ईईएसएल या कंपनीने देशभराच्या निविदा मागवून घरगुती एलईडी दिवे घाऊक घेतले, तेव्हा २०१४ साली ३१० रुपयांस पडणारा दिवा २०१६ साली ३८ रुपयांस पडला. उत्पादनाचा खर्च उतरला व मागणी मोठी होती, हे खरे; परंतु उतरलेला खर्च ग्राहकाच्या पदरात पडला तो विक्रेते एकमेकांशी झुंजले म्हणून. याच कंपनीकडून शहरांतील पथदिवे बदलून घेण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने २०१८ साली स्वीकारले, तेव्हा दिव्यांसाठी निविदा कंपनीने मागवावयाच्या होत्या. म्हणजे स्पर्धा एक पायरी वर सरकली, नाहीशी झाली नाही. तरीही आपल्या गावी याहून स्वस्त पडले असते काय, हे विचारण्याचा करदात्याचा हक्क उरतोच. खांबांच्या एकहाती खरेदीत तर स्पर्धा कोणत्याच पायरीवर नसते.

म्हणून आमची मागणी एवढीच आहे. निविदेवाचून खरेदी करावयाची झाल्यास हुकूम निघण्यापूर्वी तिची कारणे, 'दुसरा विक्रेता नाही' असा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि तशाच मालास इतर दोन शहरांनी दिलेला भाव जाहीर व्हावा. आणि 'हा माल मीही करतो' असे म्हणणाऱ्यास पंधरा दिवसांची मुदत मिळावी. आपण होऊन माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक संस्थांवर घातलेलेच आहे. आम्ही नवे काही मागत नाही.

शेवटी व्यापारी बंधूंसही दोन शब्द. मक्ता दुसऱ्यास गेला की आरडाओरडा करावयाचा आणि आपणांस मिळाला की पद्धतीची वाखाणणी करावयाची, ही सवय सोडली पाहिजे. आज ज्याच्यासाठी दार बंद करून सौदा होतो, उद्या तोच त्या दाराबाहेर उभा असतो. दार उघडे राहण्यात त्याचाही लाभ आहे, आणि घरपट्टी भरणाऱ्या नागरिकाचा तर तो हक्कच आहे.